जास्तीचं शून्य

"सर, हा अजून चालू आहे," कचेरीत नव्यानं लागलेली चष्मेवाली म्हणाली, आणि बारक्याच्या हातातला चहाचा कप ओठांपाशी जाऊन तिथंच अडला. टेबलावर दवाखान्यातलं एक यंत्र पोट उघडं टाकून पडलं होतं. रुग्णाच्या उशाशी राहायचं आणि नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं, एवढंच त्याचं काम. चष्मेवालीनं स्कोपची, म्हणजे विजेची धडधड रेघेत दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई एका जुन्या घडणीच्या काळ्या चिपच्या पायाला टेकवली होती आणि स्कोपच्या पडद्यावरची हिरवी रेघ मधूनच एक उडी मारत होती. उडी, मग सपाट, मग पुन्हा उडी. घाई नाही, गडबड नाही. "कोण चालू आहे?" त्यानं विचारलं. खरं म्हणजे विचारायची काही गरज नव्हती. "जुना टायमर. याला आपण सुरुवातीलाच बंद करतो ना? तुमच्याच ओळी आहेत," ती म्हणाली. 'तुमच्याच' हा शब्द तिनं अगदी साधेपणानं उच्चारला. या नव्या पोरींचं एक बरं असतं, आपला धक्का कुणाला कुठं लागला ते त्यांना कळतच नाही, आणि कळलं तरी त्या सॉरी म्हणून मोकळ्या होतात.

बारक्या हे त्याचं घरातलं नाव. पन्नाशीला टेकलेल्या, पोट सुटलेल्या, केस विरळ झालेल्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची ताई. कचेरीत त्याला सर म्हणत, बँकेत साहेब म्हणत, पण मनातल्या मनात स्वतःशी बोलताना तो बारक्याच होता, कारण दुसरं कुठलंच नाव त्याच्या अंगाला कधी नीट बसलं नाही. तो ड्रायव्हर लिहायचा. नातेवाईक पूर्वी विचारायचे, "ड्रायव्हर म्हणजे? गाडी कुठली चालवतो हा?" आणि ताई त्यांना ठसक्यात सांगायची, "अहो, यंत्राच्या पोटातल्या एकेका भागाला ऊठ-बस करायला सांगतो तो. कोणी कधी सुरू व्हायचं, कोणी कधी थांबायचं." तिनं हे त्याच्याकडूनच ऐकलेलं, पण ती ते असं सांगायची की जणू यंत्रं याच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि आता त्यानंच झोपवलेला एक टायमर डोळे टक्क उघडे ठेवून बसला होता. दवाखान्यांमधून तक्रारी येत होत्या त्या याच्याच. यंत्र झोपतच नाही, बॅटरी उतरते, एकदा तर एका म्हाताऱ्याच्या उशाशी ते आपोआप बंद पडलेलं सापडलं. म्हातारा वाचला. कचेरीच्या साहेबांनी बैठकीत सांगितलं होतं, "नशीब आपलं," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. म्हाताऱ्याच्या नशिबाचा विषय कोणी काढला नव्हता.

त्यानं चहा खाली ठेवला. ओळी समोर पडद्यावर होत्याच. पहिल्या ओळीत टायमरला हुकूम: थांब. मग दुसऱ्या ओळीत शून्य, तिसऱ्या ओळीत आणखी एक शून्य, कारण मोजणीचा आकडा दोन तुकड्यांत द्यावा लागतो. या दोन शून्यांचा दिवस त्याला स्वच्छ आठवला. मास्तर तेव्हा होते. मास्तर म्हणजे कचेरीतला सगळ्यात जुना माणूस, शिकवायची भारी हौस, म्हणून मास्तर. चिपचं पुस्तक म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, कडेचे शब्द कापलेले, मधे एक करडा डाग. एका पानावर लिहिलेलं, हुकूम दिला की मोजणी थांबते. दुसऱ्या पानावर, आकडा लिहिला की मोजणी सुरू होते. आणि तिसऱ्याच एका पानावर तळाशी, बारीक अक्षरात, शून्य लिहिल्यास ती सर्वांत मोठी मोजणी समजावी. मग थांबवताना आकडा द्यायचा की नाही, याबद्दल पुस्तक मूग गिळून बसलेलं. बारक्यानं विचारलं होतं, "मास्तर, नुसता हुकूम देऊन सोडून दिलं तर? अर्धवट वाटतं हो." मास्तर हसले होते. "दे की शून्य. शून्यानं कुणाचं काय बिघडतंय? अधिकस्य अधिकं फलम्!" आणि त्यानं दिलं. यंत्र झोपलं, सगळे खूश. तेव्हाच्या पुरवठादाराच्या चिपा गरीब स्वभावाच्या होत्या, जास्तीचं शून्य मुकाट गिळायच्या. आता दुसरा पुरवठादार आला, त्याच्या चिपा पुस्तकाला धरून चालणाऱ्या. त्यांनी शून्य वाचलं आणि इमानेइतबारे सगळ्यात लांबची मोजणी सुरू केली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. बिचाऱ्यांचं काय चुकलं?

आज सकाळी ताईनं चहा पुढं ठेवताना म्हटलं होतं, "संध्याकाळी जरा वेळेवर ये. तुला एक विचारायचंय." त्याला वास लागला होताच. गेला महिनाभर तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचे फोन येत होते. ती मैत्रीण दूरच्या गावी मुक्या-बहिऱ्या मुलांची निवासी शाळा चालवायची आणि तिला वसतिगृह सांभाळणारी बाई हवी होती. राहायला स्वतंत्र खोली, खिडकीबाहेर झाड, हे ताईनं दोनदा सांगितलं होतं. झाडाचं विशेषच कौतुक. बारक्या दोन्ही वेळा "अरे वा" म्हणाला होता आणि ताटात बघून जेवत राहिला होता. भाजी चांगली झाली होती. ताईच्या हाताची भाजी नेहमीच चांगली व्हायची, तिचं काय सांगायचं. ती या घरात आली तेव्हा चार दिवसांसाठी आली होती. मेव्हणे कामासाठी लांबच्या शहरात निघाले होते, बस्तान बसलं की तिला बोलावून घेणार होते. "चार दिवस राहते रे तुझ्याकडे, तुझी अडचण नाही ना?" अडचण! त्या दिवसापासून त्याच्या सदऱ्याचं बटण कधी तुटलेलं राहिलं नाही, की त्याला औषधाची आठवण स्वतःहून करावी लागली नाही. पूर्वी त्याचं एकदा लग्नाचं जमत आलं होतं. मुलीकडच्यांनी विचारलं, "बहीण कायमची का?" तो ताडकन उठून आला. तेव्हा त्याला आपण बहिणीसाठी केवढा त्याग केला असं वाटलं होतं, आणि ताईलाही तसंच वाटलं होतं, ती रडली होती. आता मात्र कधी कधी, दाढी करताना वगैरे, त्याला शंका यायची की त्याग वगैरे काही नव्हतं, आयतं घर हाताशी असताना दुसरं मांडायचा त्याला कंटाळा आला होता. मग तो तोंडावर गार पाणी मारायचा.

आणि मेव्हणे. चष्मेवाली सुई दुसऱ्या पायावर टेकवून पुन्हा बघत होती, रेघ पुन्हा उडत होती, आणि बारक्याला तो जिना दिसायला लागला. फार वर्षांपूर्वी तो कचेरीच्या कामानं मेव्हण्यांच्या शहरात गेला होता, ताईनं पत्ता दिला होता, सोबत तिनं विणलेला स्वेटर. त्यानं बेल वाजवली. दार एका पोरानं उघडलं, आणि त्या पोराचे कान बघितल्यावर पुढचं काही विचारायची गरजच राहिली नाही. मेव्हण्यांचे कान असे बाहेर आलेले, ताई लग्नात त्यावरून त्यांना चिडवायची. आतून एका बाईचा आवाज आला, "कोण आहे गं?" म्हणजे आत आणखी एक मुलगी होती. मेव्हणे आले, चप्पल न घालताच त्याला जिन्यात घेऊन आले आणि खालच्या पायरीवर उभे राहिले. त्यांच्या पायाची बोटं सारखी वळवळत होती. "तू बघितलंसच," ते म्हणाले, "मी काय सांगू? तिला काय सांगायचं ते तू सांग. माझ्याच्यानं नाही होणार." मग त्यांनी स्वेटर घेतला. हे बारक्याला सगळ्यात लागलं, की स्वेटर घेतला, आणि अंगाला लावून मापही बघितलं.

परतीच्या गाडीत तो वाक्य जुळवत होता. त्याला वाटत होतं आपण तिला जवळ बसवून सांगू. दारात ताई उभी होती, केस नीट विंचरलेले, साडी बदललेली, जणू मेव्हणेच मागून पेटी घेऊन जिना चढतायत. "भेटले?" तिनं विचारलं. "भेटले." "कसे आहेत?" "बरे आहेत. काम फार आहे गं." "येतो म्हणाले?" आणि तेव्हा आतून फोडणीचा वास आला, त्याला सपाटून भूक लागली होती, पाय दुखत होते, आणि तो म्हणाला, "बघू म्हणाले." एवढंच. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. नंतर त्यानं स्वतःला कितीदा तरी समजावलं की आपण खोटं बोललो नाही. मेव्हण्यांनी 'मी कधीच येणार नाही' असे शब्द कुठं उच्चारले होते? तिला काय सांगायचं ते तू सांग, याचा अर्थ काय काढायचा तो ज्याचा त्यानं काढावा. अशा वेळी माणूस किती कायदेशीर होतो!

आणि ताई वाट बघू लागली. म्हणजे रडत-कुढत नव्हे, ती तसली बाईच नव्हे. हसायची, टिंगल करायची, खालच्या काकूंना भाज्या निवडून द्यायची. पण कुठंही बाहेर जाताना किल्ली काकूंकडे ठेवून जायची, "हे आले तर दारात ताटकळायला नकोत." मेव्हण्यांचे मागं राहिलेले बूट दर आठवड्याला पुसून ठेवायची. लांबच्या प्रवासाला ती गेली नाही, भावकीतल्या लग्नांना गेली नाही. अधूनमधून मात्र तिचा धीर सुटायला यायचा. बूट पुसायचे राहून जायचे, किल्ली विसरायची, आणि मग एखाद्या दिवशी हात पुसत पुसत ती त्याच्यासमोर येऊन बसायची. "बारक्या, खरं सांग रे. येतील का ते?" त्या क्षणी ती थांबलेली असायची. आता नुसतं सोडून दिलं असतं तरी थांबलेलीच राहिली असती. पण बारक्याला ती शांतता सोसायची नाही, अर्धवट वाटायचं, आणि तो काहीतरी म्हणायचा. ज्याचा अर्थ काहीच नाही असंच काहीतरी. "बघू." "काय सांगावं." "माणसाचं काही सांगता येत नाही." दुसऱ्या दिवशी बूट चकचकीत आणि किल्ली काकूंकडे. तिच्या केसांत पांढरं कधी शिरलं ते त्यानं बघितलं नव्हतं. एकदम बघितलं तेव्हा सगळेच पांढरे होते.

"काढून बघू का ती शून्यं?" चष्मेवालीनं विचारलं. त्यानं होकाराची मान हलवली. तिनं दोन ओळी खोडल्या, यंत्र बंद करून चालू केलं, सुई टेकवली. रेघ सपाट. दोघंही बघत राहिले. सपाटच. त्याच्या अंगावर काटा आला, इतकी ती रेघ सपाट होती. "एवढंच होतं?" ती हसली, "मला वाटलं काय नि काय निघतंय. पण सर, शून्य लिहिलं तर हा चालू का होतो? शून्य म्हणजे काहीच नाही ना?" त्यानं तिला समजावलं, मास्तरांच्याच आवाजात. चाकावरचे आकडे उलटे फिरतात. शून्यावरून एक घर मागं सरकलं की थेट शेवटचा, सगळ्यात मोठा आकडा येतो, आणि तिथून पुन्हा शून्यापर्यंतची सगळी वाट चालायची. म्हणून एक द्यावं तर लगेच संपतं, दहा द्यावेत तर दहात संपतं, पण शून्य दिलं की सगळ्यात लांब. "अगंबाई," ती म्हणाली, "मग नुसतं थांब म्हणायचं आणि गप्प बसायचं?" "हो," तो म्हणाला, "थांब म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्यापुढं एक अक्षर लिहायचं नाही." साहेब आले, त्यांनी विचारलं चूक कुणाची, आणि तो म्हणाला, "पुस्तक संदिग्ध आहे, सर. दोन अर्थ निघतात." साहेबांचं समाधान झालं. चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी तो पायीच निघाला. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, एक माणूस शिडीवर चढून पाटीवरची धूळ झटकत होता, आणि बारक्या ओठांतल्या ओठांत वाक्य घोकत चालला होता. ते येणार नाहीत. ताई, ते येणार नाहीत. बस्स, मग गप्प. ती रडली तरी गप्प, तिनं विचारलं तुला कधीपासून ठाऊक आहे, तर तेही सांगायचं आणि पुन्हा गप्प. किती सोपं होतं! त्याला हुरूप आला, डोळेसुद्धा भरून आले. आपण चांगले आहोत असं त्याला फार दिवसांनी वाटलं. ताई त्या खोलीत राहील, खिडकीबाहेर झाड असेल, मुलं तिच्याभोवती हातवारे करत नाचतील. तो सुट्टीत जाईल, भेट म्हणून काहीतरी नेईल. आणि मग, कोपऱ्यावर वळताना, त्याला स्वतःचं घर दिसलं. म्हणजे ताई गेल्यानंतरचं. कुलूप उघडतोय. आत अंधार. ओट्यावर सकाळचा कप, तळाशी चहाचा डाग. गॅस थंड. छातीत दुखलं तर हाक कुणाला मारायची? पोटातून एक कळ उठली आणि ती भीतीची की भुकेची ते त्याला कळेना. पण वाक्य त्यानं सोडलं नाही, घोकत राहिला, जिना चढताना तर मोठ्यानं म्हणाला. खालच्या काकू दारात होत्या, त्यांना वाटलं त्यांनाच काही म्हटलं.

ताई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर. ती अशी रिकामी बसलेली त्यानं क्वचितच बघितली असेल. कोपऱ्यात तिची जुनी बॅग होती, माळ्यावरून काढलेली. "बस," ती म्हणाली. "मैत्रिणीचा फोन आला होता. उद्या सकाळी हो की नाही ते सांगायचंय, नाहीतर ती दुसरी बाई बघणार. माझं मन आहे रे जायचं. खरंच आहे. पण ते आले आणि मी नसले तर? इतकी वर्षं थांबले आणि नेमकी तेव्हाच नाही, असं नको व्हायला. तूच एकटा भेटलायस त्यांना. एकदाच सांग, मी पुन्हा नाही विचारणार. येणार आहेत का ते?"

"नाही," बारक्या म्हणाला. "येणार नाहीत."

झालं. सुटलं तोंडातून. ताईनं श्वास घेतला आणि तो आतच राहिला. तिचा चेहरा कोरा झाला. राग नाही, दुःखही नाही. कपाळावरची जी एक आठी त्याला जन्मखूण वाटायची ती विरून गेली आणि क्षणभर ती लग्नाआधीची दिसली, परकराचा ओचा खोचून पळणारी. तिचे हात मांडीवर उलटे पडले, तळवे वर. स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब पडला तेवढाच आवाज. इथं थांबायचं होतं. दुपारी त्यानंच सांगितलं होतं, पुढं एक अक्षर नाही. त्याला सगळं कळत होतं, बोट ठेवून दाखवता आलं असतं इतकं कळत होतं. पण ती शांतता सपाट होती, फार सपाट, आणि तिच्या पलीकडे तो गार गॅस आणि तो डागाळलेला कप होता. अर्धवट वाटत होतं. काहीतरी म्हणायला हवं होतं, तिला बरं वाटावं म्हणून, एवढंच, त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं?

"म्हणजे," तो म्हणाला, "तसं अगदी नक्की कोण सांगणार? मला आपलं वाटलं ते सांगितलं. माणसाचं काही सांगता येत नाही गं. बघू."

ताईनं श्वास सोडला. आठी परत आली, जागच्या जागी. आणि ती चक्क हसली. "घाबरवलंस की रे मेल्या," ती म्हणाली. "मला वाटलं तुला काही कळलंय." तिनं डोळे पदराला पुसले आणि उठून फोन लावला. मैत्रिणीला म्हणाली, नाही गं जमायचं, इथं माझं अडकलंय, नको रागावूस, तू बघ दुसरी कुणी. तिचा आवाज हलका होता. पलीकडून बराच वेळ कोणी काही बोललं असावं, ही नुसती हं हं करत होती. फोन ठेवून तिनं बॅगेकडे बोट दाखवलं. "जरा वर ठेवतोस? माझ्याच्यानं उचलवत नाही."

त्यानं स्टूल ओढलं, चढला, खाली वाकून बॅग उचलली आणि त्याच्या दंडाला रग लागली. बॅग भरलेली होती. गच्च. कडेला चेन ताणली गेली होती आणि तिच्यातून एका बुटाचं टोक दिसत होतं, चकचकीत पुसलेलं. म्हणजे सकाळीच, तो कचेरीत गेल्यावर, तिनं सगळं भरून ठेवलं होतं. त्यांचे बूटसुद्धा. "रिकामी करून ठेवायची ना?" त्याच्या तोंडून निघालं. "राहू दे भरलेलीच," ताई खालून म्हणाली. "ते आले की मग लागेलच. पुन्हा कोण भरत बसणार?" त्यानं बॅग माळ्यावर लोटली, आणखी लोटली, भिंतीला टेकेपर्यंत. हाताला धूळ लागली.

"हात धू," ती म्हणाली, "वाढते." त्यानं हात धुतले. भूक खरंच लागली होती, आणि भाजी चांगली झाली होती.